राखायचं कोणी आणि ठरवायचं कोणी?

रानपिंगळा (धागाकर्ता)

वन्यजीव सर्वेक्षणाच्या फॉर्ममध्ये शेवटच्या पानावर एक रकाना असतो. 'स्थानिकांचा सहभाग: होय / नाही'. गेली आठ वर्षं मी तिथे डोळे मिटून 'होय'वर खूण करत आलोय. मागच्या हिवाळ्यात पहिल्यांदा हात अडखळला.

त्या फेरीत गावातली चार माणसं आमच्याबरोबर होती. कॅमेरे, बॅटऱ्या, पाण्याचे कॅन त्यांनीच वाहिले, रात्री चूल त्यांनीच पेटवली. कॅमेरा कुठल्या झाडाला बांधायचा हे मात्र नकाशावरच्या चौकटींनी ठरवलेलं. त्यातले एक काका दोनदा म्हणाले, "साहेब, इथनं नाही जात तो. खालच्या नाळेनं जातो." आम्ही मान डोलावली आणि जीपीएसचा ठिपका जिथे पडला होता तिथेच कॅमेरा बांधला. तीस दिवसांनी कार्ड काढलं तर शेकडो फोटो हलत्या गवताचे आणि एक ससा. फॉर्मवर मी लिहिलं, सहभाग: होय.

तर धागा त्या रकान्याबद्दल आहे.

विकसनशील देशांतली बरीचशी अभयारण्यं एका जुन्या साच्यातून निघाली आहेत. १८७२ साली अमेरिकेत यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान झालं. तिथे पिढ्यान्‌पिढ्या शिकार करणाऱ्या जमातींना पुढे बाहेर काढलं गेलं आणि माणूस नसलेलं रान तेच खरं रान, अशी समजूत रुजली. आशिया-आफ्रिकेत त्याला सायबाच्या शिकारीच्या राखीव रानांची जोड मिळाली. साहेब गेला, साचा राहिला. टांझानियातल्या सेरेंगेटीचंच बघा. १९५९ साली मसाई गुराख्यांना तिथून निघावं लागलं. बदल्यात शेजारचं न्गोरोंगोरो मिळालं. तिथे माणसं, गुरं आणि वन्यप्राणी एकत्र नांदतील असं ठरलं होतं. २०२२पासून त्याच न्गोरोंगोरोतून मसाई कुटुंबांना काहीशे किलोमीटर लांब म्सोमेराला हलवणं सुरू झालं. कागदोपत्री 'स्वेच्छेने'. त्याच वर्षी जूनमध्ये जवळच्या लोलिओंडोत १,५०० चौरस किलोमीटर कुरणावर हद्दीचे खांब रोवताना पोलीस आणि मसाई समोरासमोर आले.

आता याच्या अगदी उलट टोकाचं एक उदाहरण. आसाममधला हरगिला. करकोच्याच्या जातीचा हा थोराड पक्षी माणसाच्या छातीला लागेल एवढा उंच. डोकं टक्कल पडल्यासारखं, गळ्याखाली लोंबती पिशवी. नावाचा अर्थच हाडं गिळणारा. कचऱ्याच्या ढिगावर वावरतो, घरटं करतो ते लोकांच्या परसातल्या उंच झाडांवर, आणि वरून कुजकं मांस, हाडं, विष्ठा थेट अंगणात. लोक त्याला अपशकुनी मानायचे, झाडच तोडून टाकायचे. पूर्णिमा देवी बर्मन या जीवशास्त्रज्ञ २००७च्या सुमारास तिथे पीएचडीसाठी काम करत होत्या. पिलांसकट झाड पाडणाऱ्याला त्यांनी हटकलं, तर लोकांनी त्यांचीच टर उडवली.

पुढे बाईंनी जे केलं ते मला फार शहाणपणाचं वाटतं. त्या झाडाच्या मालकाशी वाद घालत बसल्या नाहीत, घरातल्या बायकांकडे गेल्या. हरगिलाच्या विणीच्या काळात बायका जमवून त्याचं डोहाळजेवण सुरू केलं. पदरावर, गमछावर हरगिलाची नक्षी विणायला घेतली, त्या कापडाला गिऱ्हाईक मिळालं. आज 'हरगिला सेने'त हजारो बायका आहेत. दादरा, पाचरिया, सिंगिमारी या गावांत मिळून २८ घरटी होती, ती अडीचशेच्या वर गेली. बर्मन यांना २०२२ साली संयुक्त राष्ट्रांचा 'चॅम्पियन्स ऑफ द अर्थ' पुरस्कार मिळाला. या गावांभोवती कुंपण पडलं नाही, गाव उठलं नाही, झाडं आजही ज्याची त्याचीच आहेत.

माझा प्रश्न असा की आपण 'संस्कृती' म्हणतो तेव्हा हे डोहाळजेवण तेवढं बघतो का? की झाडाचा मालक कोण आणि ते ठेवायचं की तोडायचं हे कोण ठरवतं, तेही त्यातच येतं? मला दुसरं जास्त महत्त्वाचं वाटतं. लिहा.

शेवरी

छान धागा. हरगिलाच्या गोष्टीत एक बारकावा मला फार आवडतो. डोहाळजेवण ही बायकांची स्वतःची गोष्ट आहे, ती कुठल्या खात्याच्या पोस्टरवरून आलेली नाही. कुणाच्या पोटी जीव वाढत असेल तर ते झाड पाडायचं नसतं, हे समजवायला वेगळं प्रबोधन लागलं नाही.

सविस्तर नंतर लिहिते, आत्ता पोच.

तिरशिंगराव

लेख वाचायला गोड आहे, पण विरजण घालतो, राग नसावा.

हरगिला माणसाला खात नाही. वाघ खातो. हत्ती एका रात्रीत वर्षाचं पीक झोपवतो. आपल्याकडे १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि १९७३चा व्याघ्रप्रकल्प आला नसता, मेळघाटासह ते पहिले नऊ प्रकल्प कडक राखले गेले नसते, तर आज 'लोकसहभाग' कशात करायचा यावर चर्चा करायला वाघच उरला नसता. नेपाळमध्ये २००९ साली १२१ वाघ होते, २०२२ साली ३५५. चितवनमध्ये पहारा कोण देतं? लष्कर. डोहाळजेवणं घालून चोरशिकारी थांबत नाहीत. गेंड्याच्या शिंगासाठी बंदूक घेऊन येणाऱ्याला संस्कृतीशी काही देणंघेणं नसतं.

आणि ते 'स्थानिक' म्हणजे नक्की कोण हो? पाटील की पाटलाचा गडी? सगळ्या गावाचं एक मत असतं हे शहरी लोकांचं गृहीतक आहे.

हिशेबी

तिरशिंगरावांच्या शेवटच्या परिच्छेदाला +१. पहिल्याला नाही, कारण नेपाळचा अर्धाच हिशेब मांडलाय.

लष्कर आहे, मान्य. पण नेपाळमध्ये राष्ट्रीय उद्यानाच्या उत्पन्नातला ३० ते ५० टक्के वाटा भोवतालच्या बफर क्षेत्रातल्या गावांच्या कामांसाठी जातो, तशी कायद्यातच तरतूद आहे. १९९३च्या वन कायद्याने गावोगावच्या उपभोक्ता समूहांकडे जंगलं सोपवली, असे समूह आज वीस हजारांच्या वर आहेत. उद्यानातून बाहेर पडणारा वाघ ज्या जंगलातून जातो ते बरेचदा या समूहांचंच असतं. अन्नपूर्णा संरक्षण क्षेत्र १९८६ सालचं. तिथे गावं आतच आहेत, आणि ट्रेकिंगला येणाऱ्यांचा प्रवेशकर तिथल्याच कामांवर खर्च होतो.

आता दुसरी बाजू, पैशाने सगळं सुटतं असं वाटणाऱ्यांसाठी. झिम्बाब्वेत १९८०च्या दशकाच्या अखेरीला 'कॅम्पफायर' नावाचा कार्यक्रम सुरू झाला. कल्पना रोखठोक: हत्ती तुमच्या शेतात येतो, तर हत्तीपासून मिळणारा पैसाही तुमचा. परदेशी शिकाऱ्यांकडून परवान्याचे डॉलर येत. (शिकारीचा पैसा हा वेगळ्या भांडणाचा विषय, इथे नको.) पण तो पैसा यायचा जिल्हा परिषदेच्या खात्यात आणि तिथून गावापर्यंत झिरपताना आटायचा. हत्ती येई तो मात्र थेट शेतात. मधल्या टप्प्यावर कुणी अडवत नसे त्याला.

नामिबियाने नेमकं तिथे बोट ठेवलं. १९९६च्या कायदादुरुस्तीने वन्यजीवांवरचे हक्क जिल्ह्याला न देता गावकऱ्यांनी स्वतः नोंदवलेल्या 'कन्झर्व्हन्सी'ला दिले. सभासदांची यादी, हद्द, घटना, पैसा वाटण्याची पद्धत हे सगळं त्यांनीच ठरवायचं. पहिल्या कन्झर्व्हन्सी १९९८ साली नोंदल्या गेल्या, आज ऐंशीच्या वर आहेत आणि देशाची सुमारे एक पंचमांश जमीन त्यांच्याखाली आहे. त्याआधीच, ऐंशीच्या दशकात, वायव्य भागातल्या मुखियांनी आपापले राखणदार नेमले होते. चोरशिकाऱ्याला पकडणारा माणूस मुखियाला उत्तर देणारा होता. कायदा नंतर आला, रिवाज आधी होता. पर्यटन ठप्प झालं की यांचेही पगार अडकतात, हे कोविडमध्ये दिसलंच. तेव्हा स्वर्ग नाही तिथेही.

डोंगरवाट

'संस्कृती निसर्ग राखते' या वाक्यावर मी पूर्वी टाळ्या वाजवायचो. आता थोडा जपून वाजवतो.

मादागास्करमध्ये 'फादी' म्हणून प्रकार आहे. म्हणजे निषिद्ध, वर्ज्य. इंद्री हा तिथला सगळ्यात मोठा लेमूर. पहाटे त्याची हाक दूरवर ऐकू जाते म्हणतात. पूर्वेकडच्या बेत्सिमिसाराका लोकांत तो पूर्वज मानला जातो, त्याला मारणं फादी. वा! पण त्याच बेटावर आय-आय नावाचा दुसरा लेमूर आहे. लांबलचक काडीसारखं मधलं बोट, बटबटीत डोळे. तो दिसणं म्हणजे मरणाची चाहूल, म्हणून कित्येक ठिकाणी दिसताक्षणी ठार करून रस्त्याकडेला काठीवर टांगत. एकच समाज, एकच श्रद्धा. एकाला जीवदान, दुसऱ्याला फाशी. शिवाय सोन्याच्या खाणींवर बाहेरून मजूर आले, त्यांचा पूर्वज इंद्री थोडाच! मग इंद्रीही भांड्यात जाऊ लागला.

आपल्या देवरायांचं वेगळं काय झालं? माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तकांनी सत्तरच्या दशकात सह्याद्रीतल्या देवराया हिंडून नोंदल्या. काठी उचलायची नाही, वाळलेलं पानसुद्धा न्यायचं नाही, असे नियम. मग देवाला बरे दिवस आले. कौलाचं छप्पर जाऊन स्लॅब, पुढे सभामंडप, त्यापुढे गाड्या लावायला जागा. देव मोठा झाला आणि राई लहान. यात धर्मभ्रष्ट कुणीच झालेलं नाही हं. श्रद्धा वाढलीच आहे उलट. ती राईवरून मूर्तीवर सरकली, एवढंच.

म्हणून केवळ श्रद्धेच्या भरवशावर जंगल सोडू नये असं माझं मत झालंय.

रानपिंगळा

डोंगरवाट, "देव मोठा झाला आणि राई लहान" हे चोरणार आहे. :)

पण तुमच्याच उदाहरणात मला माझा मुद्दा दिसतो. राईचा नियम मोडला कधी? राईचं काय करायचं हे ठरवणारी माणसं बदलली तेव्हा. लाकडाला भाव आला, रस्ता आला, गावातली निम्मी पोरं शहरात गेली आणि देवस्थान कमिटी वेगळी झाली. नियम हा मंत्रासारखा नसतो, त्याला राखणारं कुणीतरी लागतं आणि मोडणाऱ्याला विचारायचा अधिकार लागतो.

इंडोनेशियात मालुकू बेटांवर 'सासी' आहे. ठरावीक काळ नारळ तोडायचे नाहीत, अमुक मासा धरायचा नाही. हारुकू बेटावर लोम्पा नावाचा छोटा मासा नदीत शिरतो. तो बोटभर असताना सासी लागते, वाढला की ठरलेल्या दिवशी सगळं गाव एकदम नदीत उतरतं. यातली मेख म्हणजे 'केवांग'. सासी मोडणाऱ्याला पकडून दंड करणारी गावाची माणसं. मालुकूत कित्येक गावं ख्रिस्ती झाली, तर काही ठिकाणी सासी आता चर्चमध्ये प्रार्थना करून लावतात. देव बदलला तरी नियम टिकला, कारण दंड करणारा गावातला राहिला.

थायलंडमध्ये तर भिक्खूंनी ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून चक्क झाडांना दीक्षा द्यायला सुरुवात केली. बुंध्याला भगवं वस्त्र गुंडाळायचं, मंत्र म्हणायचे, झालं झाड संन्यासी. ही काही प्राचीन परंपरा नाही, आपल्या डोळ्यांदेखत घडवलेली आहे. तेव्हा परंपरा म्हणजे जुनीच हवी असंही नाही.

तिरशिंगराव, 'गावाचं एक मत नसतं' हे शंभर टक्के मान्य. वाघांचे आकडेही मान्य. फक्त ते ३५५ आले त्याच वर्षीची एक गोष्ट जोडतो: जून २०२२मध्ये नेपाळमधल्याच बर्दियात वन्यप्राण्यांच्या हल्ल्यांविरुद्ध रस्त्यावर उतरलेल्या जमावावर गोळीबार झाला, त्यात एक तरुणी गेली. आकड्याच्या खाली बारीक अक्षरात हेही लिहायला हवं.

शेवरी

आले परत.

लोक काढले की निसर्ग आपोआप बहरतो, याला भरतपूरने सगळ्यात सणसणीत उत्तर दिलंय आणि ते निसर्गानेच दिलंय. केवलादेव घना राष्ट्रीय उद्यान झाल्यावर १९८२ साली तिथे म्हशींच्या चराईवर बंदी आली. गावकऱ्यांनी विरोध केला, पोलिसांच्या गोळीबारात माणसं मेली. आणि पुढे? म्हशी थांबल्या तसं पास्पॅलम नावाचं गवत माजलं, उथळ पाण्यावर त्याचा गालिचा झाला. बदकांना पाण्यात उतरायला जागा उरेना, माशांची हालचाल खुंटली. बीएनएचएसच्या (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या) शास्त्रज्ञांनी तिथे वर्षानुवर्षं अभ्यास करून सांगितलं की म्हशी या पाणथळीचाच भाग होत्या. म्हणजे ज्या म्हशींना पक्ष्यांच्या नावाने बाहेर काढलं, त्या पक्ष्यांसाठीच तिथे हव्या होत्या. मेलेल्यांना हे कोण सांगणार?

तशीच सोलिगांची गोष्ट. कर्नाटकातल्या बिळिगिरीरंगन डोंगरांत हे लोक सुक्या पालापाचोळ्याला मोसमाच्या सुरुवातीला हलकी आग लावायचे. अभयारण्य झाल्यावर आग गुन्हा ठरली. सोलिगांचं म्हणणं असं की ती आग थांबली म्हणून घाणेरीची (लँटानाची) झुडपं माजली. आता डोंगरच्या डोंगर घाणेरीने व्यापलेत, आणि आग लागते तेव्हा ती त्या वाळक्या घाणेरीच्या जाळ्यांवर चढून थेट झाडाच्या शेंड्याला पोचते. २०११ साली सोलिगांना तिथे सामूहिक वनहक्क मिळाले. व्याघ्रप्रकल्पाच्या आत असे हक्क मिळण्याची देशातली ती पहिली वेळ.

अजून एक, जे या चर्चांमध्ये हमखास सुटतं. जंगल बंद झालं की कुणाचं काम वाढतं? सरपण बाई आणते, पाणी बाई आणते, डिंक-मोह-पानं वेचते तीही बाईच. बैठकीला मात्र तिचा नवरा जातो आणि सही करून येतो. वांगारी मथाई यांनी १९७७ साली केनियात ग्रीन बेल्ट चळवळ सुरू केली ती बायकांना सरपण लांबून आणावं लागतं, ओढे आटलेत, या तक्रारीतून. लावलेलं रोप जगलं तर त्याचे थोडे पैसे लावणारीला मिळत. पुढे त्यांना २००४चं नोबेल मिळालं आणि सगळे 'झाडं लावणारी बाई' एवढंच म्हणू लागले. राष्ट्राध्यक्षांच्या मर्जीतल्या टोलेजंग इमारतीपासून नैरोबीचं उहुरू पार्क वाचवताना थेट सत्तेशी भिडलेली बाई होती ती.

बीटगार्डची_लेक

बरेच दिवस वाचनमात्र होते, आज लिहिते.

माझे वडील वनरक्षक होते. तुमच्या चर्चेत 'खातं' म्हणून जो येतो ना, तो आमच्या घरी संध्याकाळी बूट काढून पाय शेकायला बसायचा.

आमच्या क्वार्टरच्या दाराआड जप्त केलेल्या कुऱ्हाडी उभ्या असायच्या. प्रत्येकीच्या दांड्याला सुतळीने पुठ्ठ्याचा तुकडा बांधलेला, त्यावर नाव आणि तारीख. मी शाळेतून आले की दप्तर त्यांच्या शेजारीच टेकवायचे. त्या कुऱ्हाडींचे मालक आम्हाला ठाऊक होते. त्यांची पोरं माझ्या वर्गात. सणाला त्याच घरांतून आम्हाला बोलावणं यायचं आणि आई जायची. बाबा नाही जायचे. "उद्या याच्यावरच पंचनामा करायची वेळ आली तर जेवलेलं आठवेल" म्हणायचे.

'कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ' ही म्हण शाळेत शिकवली तेव्हा वर्गातल्या एकाने मागे वळून माझ्याकडे बघितलं होतं. बाबाही त्याच भागातले, त्याच बोलीचे.

एकदा आमच्या शेजारच्या पाड्यावरच्या एका आजीची गाय वाघाने मारली. भरपाई हवी तर गाय हलवायची नाही, पंचनामा होईपर्यंत जागेवरच हवी. बाबांनी निरोप वर कळवला. वरून माणूस यायला तिसरा दिवस उजाडला. तोवर आजी दोन रात्री गाईवर पळसाच्या फांद्या घालून राखण करत बसलेली, कुत्री हाकलत. जिला वाघाने मारलं तिला वाघाच्याच रानात उघड्यावर राखत बसायचं, कल्पना करा. साहेब आले, नाकाला रुमाल लावून फोटो काढला. आजीला पैसे मिळाले, किती महिन्यांनी ते आठवत नाही. पण ती बाबांशी पुन्हा कधी नीट बोलली नाही, आणि निरोप तर बाबांनी पहिल्याच तासात पोचवला होता.

तिरशिंगराव म्हणतात कडक राखण हवी. राखणारा माणूस गावात एकटा पडतो, त्याचं काय?

तिरशिंगराव

ताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. बोलती बंद केलीत.

तरी एक खडा टाकतोच, सवय वाईट. सगळ्यांना जंगलातच राहायचं असतं हेही आपणच ठरवतोय का? पावसाळ्यात चार महिने रस्ता तुटतो, बाळंतिणीला झोळीतून न्यावं लागतं, शाळेत मास्तर टिकत नाही. त्यातल्या तरुण पोराला बाहेर यायचं असेल तर त्याला 'तू इथेच बस, तू संस्कृती आहेस' म्हणणार? कर्नाटकातल्या भद्रा अभयारण्यातल्या गावांचं २००१-०२ साली पुनर्वसन झालं. ओलिताची जमीन मिळाली आणि बऱ्याच लोकांनी ते चांगलं झालं असंच सांगितलंय.

रानपिंगळा

हा खडा बरोबर जागी पडला.

भद्रा हे उदाहरण मी स्वतः देतो. तिथे लोकांशी आधी वर्षानुवर्षं बोलणी झाली, जमीन दाखवली, मगच लोक हलले. उलट बाजूला युगांडातलं ब्विंडी बघा. १९९१ साली गोरिलांसाठी राष्ट्रीय उद्यान झालं आणि बट्वा लोक बाहेर पडले. शिकार-मधावर जगणारे, कागदावर जमीन कधीच नव्हती, म्हणून भरपाईच्या यादीत ते जवळपास नव्हतेच. आज गोरिला वाढलेत, चांगलं झालं. पर्यटक गोरिला बघून येतात आणि दुपारी बट्वांचा नाच बघतात.

जायचं की राहायचं, दोन्ही उत्तरं बरोबर असू शकतात. 'नाही' म्हणायची सोय होती का, हे मी आधी बघतो. ओडिशात नियमगिरीच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली ती सोय दिली. खाणीबद्दल ग्रामसभांना विचारा म्हणाले. बारा ग्रामसभा झाल्या, बाराच्या बारांनी नकार दिला. तिथले डोंगरिया कोंध आदिवासी त्या डोंगराला त्यांच्या देवाचं, नियमराजाचं, ठाणं मानतात. एरवी ही गोष्ट लोककथांच्या पुस्तकात गेली असती. ग्रामसभेच्या ठरावात आली म्हणून खाण थांबली.

आणि आपलं गडचिरोलीतलं मेंढा-लेखा गाव आहेच. २००९ साली सुमारे १,८०० हेक्टरवर सामूहिक वनहक्क मिळाला. पण त्यानंतरही स्वतःच्या बांबूच्या वाहतुकीचा परवाना २०११पर्यंत झगडून घ्यावा लागला. जंगल तुमचं म्हटलं तरी त्यातून बाहेर जाणाऱ्या ट्रकचा कागद कोण फाडतो, हे बघायला हवं. तिथे निर्णय सर्वसहमतीने होतात, एकजण अडला तरी थांबतात. वेळखाऊ आहे, पण तिरशिंगरावांच्या 'पाटलाचा गडी' प्रश्नावर मला माहीत असलेलं तेच त्यातल्या त्यात बरं उत्तर.

डोंगरवाट

धाग्यात सिंह आला नाही म्हणून घाईत एक भर. केनियात अंबोसेलीच्या परिसरात तरुण मसाई योद्ध्याने भाल्याने सिंह मारणं हे पराक्रमाचं लक्षण. २००७पासून तिथे अशाच योद्ध्यांना 'लायन गार्डियन' म्हणून पगारावर घेतलं. सिंहाचा माग काढायचा, गुराख्यांना सावध करायचं, हरवलेली गुरं शोधायची. आणि प्रत्येक सिंहाला मसाई नाव ठेवायचं. नाव ठेवलेल्या सिंहावर भाला उचलणं जड जातं म्हणे. मुख्य म्हणजे गड्याचा मान गेला नाही, फक्त कशासाठी मिळतो ते बदललं.

हिशेबी

नागालँडमधलं पांगती गाव पण घ्या यात. २०१२ साली दोयांग जलाशयाजवळ अमूर ससाणे मासेमारीच्या जाळ्यांत हजारोंनी धरले जात होते, व्हिडिओ बाहेर आल्यावर जगभर बोंब झाली. पुढच्याच वर्षी गावांनी स्वतः बंदी घातली, दंड ठरवले आणि शिकार थांबली. टाळ्या सगळ्यांनी वाजवल्या. पण धरणात शेतं बुडाल्यावर त्या लोकांना उत्पन्नाचं साधन काय उरलं होतं, हे फार थोड्यांनी विचारलं. त्यांनी सोडलेल्या उत्पन्नाचा हिशेब कुठल्या खात्यात मांडलाय ते मला अजून सापडलेलं नाही.

@रानपिंगळा, त्या रकान्याचं काय ठरलं मग?

रानपिंगळा

रकाना बदलायचा अधिकार माझ्याकडे नाही, तो वरून छापून येतो. या वर्षीच्या फेरीत एवढंच केलं की चौकटीचे ठिपके आधी गावात नेऊन दाखवले. ठिपक्याभोवती ठरावीक अंतरात कॅमेरा हलवायची मुभा पद्धतीत असतेच, आम्हीच कधी वापरली नव्हती. काकांनी अकरा ठिकाणी जागा बदलायला लावल्या. खालच्या नाळेवरच्या कॅमेऱ्यात बिबट्या आला, चौथ्याच रात्री. एका जागी मात्र त्यांनी कॅमेरा लावूच दिला नाही. तिथे त्यांचा देव आहे आणि बायका अंघोळीला जातात, दोन्ही कारणं एकाच दमात सांगितली. ती चौकट रिकामी गेली. अहवालात 'तांत्रिक कारण' लिहायचा आग्रह झाला, मी 'गावाने नकार दिला' असं लिहिलंय. परत येतो की काय ते बघू.

शेवरी

@बीटगार्डची_लेक, त्या कुऱ्हाडींचं पुढे काय व्हायचं गं? लिलाव?

बीटगार्डची_लेक

काहींचा निकाल लागेपर्यंत दांडे वाळवीने खाल्लेले असायचे. सुटलेल्या कुऱ्हाडी परत न्यायला माणसं यायची, तेव्हा पुठ्ठ्यावरची शाई उडून गेलेली. बाबा सगळ्या अंगणात मांडून ठेवायचे आणि आत निघून जायचे. प्रत्येकजण दांड्यावरची खाच बघून आपापली उचलायचा. कधी अदलाबदल झाल्याचं आठवत नाही.